हमीभाव सांगता त्याच दिवशी आयात शुल्कही सांगा

प्रति,
मा. केंद्रीय अर्थमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली.

प्रत : कृषी, ग्राहक व्यवहार आणि वाणिज्य ही तीन मंत्रालये. (प्रत काढल्याशिवाय भागत नाही. यातल्या कुठल्याही एका दारात गेलं, की ‘हा विषय आमच्याकडे नाही, शेजारी विचारा’ असंच ऐकू येतं.)

महोदया,
सविनय नमस्कार.

28 मे 2025 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळानं खरिपाचे हमीभाव मंजूर केले. सोयाबीनला 436 रुपये वाढवून क्विंटलला 5,328 रुपये. तुरीला 450 वाढवून 8,000. मध्यम धाग्याच्या कापसाला 589 वाढवून 7,710. मृग जवळ आलेला, बियाणं-खताची जुळवाजुळव चाललेली, त्या दिवसांत आमच्या लातूरकडे या आकड्यांवर बऱ्याच जणांनी रानाची वाटणी ठरवली : इतकं सोयाबीन, इतकी तूर.

दोन दिवसांनी, 30 मे रोजी, आपल्या मंत्रालयाची अधिसूचना निघाली. कच्च्या पामतेलावरचं, सोयातेलावरचं आणि सूर्यफूल तेलावरचं मूळ आयात शुल्क 20 टक्क्यांवरून 10 टक्क्यांवर आलं. उपकर-अधिभार धरून बोलायचं तर 27.5 टक्क्यांचं 16.5 झालं. त्याच सुमारास पिवळ्या वाटाण्याच्या शुल्कमुक्त आयातीची मुदत 31 मार्च 2026 पर्यंत वाढवली गेली. तुरीची मुदत आधीच तिथवर नेऊन ठेवली होती. राहता राहिला कापूस, त्याचं 11 टक्के शुल्क ऑगस्टमध्ये काढून टाकलं, तेव्हा पऱ्हाटी कमरेएवढी झालेली होती.

म्हणजे ज्या तीन पिकांचे भाव मे महिन्यात वाढवून सांगितले, त्या तिन्ही पिकांच्या बाजारात बाहेरचा माल स्वस्तात येण्याची सोयही त्याच हंगामात झाली. हमीभावाची बातमी पहिल्या पानावर आली. शुल्काची बातमी आतल्या वाणिज्य पानावर. व्यापारी आतलं पान आधी वाचतो.

मागणी एकच आहे, ती आधीच मांडतो. खरिपाचे हमीभाव ज्या दिवशी जाहीर होतात त्याच दिवशी त्या पिकांवरचं, आणि त्यांच्या जागी खपणाऱ्या मालावरचं आयात शुल्क जाहीर व्हावं. मग तो माल बाजारात येऊन विकला जाईपर्यंत, म्हणजे पुढच्या मार्चअखेरपर्यंत, त्याला हात लावू नये. रब्बीसाठी ऑक्टोबरमध्ये तेच. शुल्क दहा टक्के असावं की चाळीस, यावर वाद होईल आणि व्हावाही. परंतु आम्ही पेरून बसल्यावर ते बदलू नका.

आयात शुल्क हा बंदरावरचा मामला आहे, असं दिल्लीत वाटत असावं. लातूरच्या आडत बाजारात बसणाऱ्याला तसं वाटत नाही. इथल्या तेलाच्या प्लांटचे खरेदीदर रोज निघतात. ते काढताना आयात तेल बंदरात काय भावानं पडतंय, पेंडीला, म्हणजे बाजाराच्या बोलीत डीओसीला, गिऱ्हाईक कसं आहे, डॉलर कुठे आहे आणि स्वतःच्या गोदामात किती माल आहे, एवढं बघितलं जातं. पोटलीचा आणि सौद्याचा, म्हणजे बाजारातल्या बोलीचा, भाव प्लांटच्या दरामागून चालतो. अधिसूचना रात्री निघाली, तरी सकाळच्या दरात ती असते.

थोडा हिशेब मांडतो. एक क्विंटल सोयाबीन गाळलं की साधारण 18 किलो तेल निघतं, बाकी बहुतेक पेंड. कच्च्या सोयातेलाचा बंदरातला भाव किलोला 90 रुपये धरू. शुल्क 27.5 वरून 16.5 वर आलं, म्हणजे 11 टक्के उतरलं, म्हणजे किलोमागे दहाएक रुपये. 18 किलोचे झाले 180 रुपये. प्लांटवाला ते सगळे आमच्याच भावातून कापेल असं म्हणत नाही, पण क्विंटलमागे त्याची देण्याची ऐपत तेवढ्यानं कमी झाली. 436 रुपये वाढवून दिले आणि अठ्ठेचाळीस तासांत त्यातल्या 180 रुपयांखालची जमीन काढून घेतली, असा त्याचा अर्थ. एकरी सात क्विंटल आणि चार एकर रान धरलं, तर एका हंगामात पाच हजारांचा फरक पडतो.

तीच सूट शहरातल्या घरात काय देते? चार माणसांच्या घरात महिन्याला पाच किलो तेल लागत असेल, तर महिना 50 रुपये, तेही कंपन्यांनी सगळी सूट पुढे दिली तर. हे 50 रुपये कुणालाच जड नाहीत, असं मी म्हणणार नाही. ज्यांना जड आहेत त्यांच्यासाठी रेशनचं दुकान आहे. 2022 च्या दिवाळीत महाराष्ट्र सरकारनं ‘आनंदाचा शिधा’ शंभर रुपयांत दिला, त्यात लिटरभर पामतेल होतं. गरिबाला तेल स्वस्त द्यायचं तर असं थेट देता येतं. त्यासाठी फाइव्ह स्टार हॉटेलच्या कढईपर्यंत सगळ्यांचं तेल स्वस्त करण्याचं कारण दिसत नाही. आणि तेल आम्हीही विकतच घेतो. सोयाबीन घालून परत येताना मोंढ्यातून तेलाची पिशवी घेऊन येणारा माणूस म्हणजेच शेतकरी, हे विसरून चालणार नाही.

शुल्क उतरवण्याचं एक कारण तेव्हा सांगितलं गेलं, ते मला पटतं. कच्च्या आणि शुद्ध तेलावरच्या शुल्कातला फरक 8.25 टक्केच होता. त्यामुळे परदेशातून तयार पामोलिन, म्हणजे शुद्ध केलेलं पामतेल, आणणं परवडत होतं आणि इथल्या रिफायनऱ्या रिकाम्या बसत होत्या. फरक वाढवायला हवा, ही त्यांची मागणी रास्त होती. आता तो 19.25 झाला आहे. पण हाच फरक शुद्ध तेलावरचं शुल्क चढवूनही वाढवता आला असता. पामतेलावर जागतिक व्यापार संघटनेत आपली बांधील मर्यादा, म्हणजे ज्याच्या वर शुल्क नेता येत नाही तो आकडा, 300 टक्के आहे. आपण आज तिच्या आसपासही नाही. दोन वाटा होत्या. जिच्यात सोयाबीनवाल्याचा खिसा कापला जातो तीच निवडली गेली, आणि तीही हमीभाव जाहीर केल्यानंतर दोन दिवसांनी. याचं उत्तर मला कुठल्याही पत्रकात सापडलं नाही.

आता कुणी म्हणेल, सप्टेंबर 2024 मध्ये शुल्क वाढवलं होतंच ना? वाढवलं होतं. 14 सप्टेंबरपासून कच्च्या तेलावर 5.5 चं 27.5 टक्के, शुद्धवर 13.75 चं 35.75. विधानसभेची निवडणूक दोन महिन्यांवर होती, तो योगायोग समजू. त्या वर्षी हमीभाव होता 4,892, आणि आमचं सोयाबीन त्याच्या खालीच गेलं. शुल्क वाढवूनही भाव मिळाला नाही, मग शुल्काची मागणी कशाला, हा प्रश्न म्हणून विचारण्यासारखा आहे.

भाव का मिळाला नाही, तर वाढ आली ती काढणी पंधरा-वीस दिवसांवर असताना. कमी शुल्कात आणलेलं जवळजवळ 30 लाख टन तेल तोवर देशात येऊन पडलेलं होतं. ही माहिती सरकारनंच दिली होती, कारण कंपन्यांनी लगेच भाव वाढवू नयेत असं त्यांना सांगायचं होतं. किराण्यातले भाव तरी चढायचे ते चढलेच. म्हणजे ग्राहकानं महाग घेतलं, आम्ही स्वस्त विकलं, आणि जुन्या साठ्यावर नवा भाव मिळाला तो मधल्यांना. हीच वाढ मे महिन्यात जाहीर झाली असती तर तो साठा सप्टेंबरपर्यंत संपला असता. शिवाय नेपाळचं दार उघडंच होतं. नेपाळातून येणाऱ्या शुद्ध तेलाला शुल्क लागत नाही. तिथे सोयाबीन पिकतं ते नावापुरतं, पण भारतात शुल्क वाढलं की तिथून सोयातेलाची आवक फुगते. बाहेरचं तेल तिथे आणायचं, शुद्ध करायचं, आणि सरहद्द ओलांडून इकडे. हे दार तसंच ठेवून बंदरावर किती टक्के लावले याची चर्चा करण्यात फारसा अर्थ नाही.

आणि एवढं करून ते वाढीव शुल्क नऊ महिनेही टिकलं नाही.

सोयाबीनचं सगळं दुखणं तेलात नाही, हेही सांगितलं पाहिजे. क्विंटलमधला चार पंचमांश माल पेंड आहे. इथेनॉलसाठी मका आणि तांदूळ वापरायला लागल्यापासून त्यातून निघणारा चोथा, ज्याला डीडीजीएस म्हणतात, कोंबड्यांच्या आणि जनावरांच्या खाद्यात शिरला आणि पेंडीचा भाव पडला. त्यावर आयात शुल्काचं औषध चालणार नाही, हे मला मान्य आहे. पण पेंडीच्या बाबतीतही आमची आठवण चांगली नाही. 2021 च्या ऑगस्टमध्ये सोयाबीननं दहा हजारांचा भाव पाहिला होता. आयुष्यात पहिल्यांदा लोक सोयाबीनच्या जिवावर घराला रंग देण्याच्या गोष्टी करत होते. त्याच महिन्यात 12 लाख टन जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनची पेंड आणायला परवानगी दिली गेली. पीक उभं होतं. ते काढून बाजारात आणेपर्यंत भाव निम्म्याच्या जवळ आला. ज्या सोयाबीनचं बी इथे पेरायला कायद्यानं बंदी, त्याची पेंड मात्र चालली, यावर तेव्हा पारावर बरेच विनोद झाले.

खाद्यतेलात आपण एकेकाळी जवळजवळ स्वयंपूर्ण झालो होतो, हे आजच्या तरुणांना खोटं वाटेल. 1986 मध्ये तेलबियांचं तंत्रज्ञान अभियान सुरू झालं आणि नव्वदीच्या सुरुवातीला आयात अगदी थोडी उरली. 1994 मध्ये पामोलिनची आयात खुली झाली ती 65 टक्के शुल्कावर. पुढच्या चार वर्षांत ते उतरत उतरत 15 टक्क्यांवर आलं. आज देश वर्षाला सुमारे 160 लाख टन तेल बाहेरून आणतो, गरजेच्या निम्म्याहून जास्त. शेतकऱ्याला तेलबिया पिकवता येत नाहीत, असं नव्हे. आपण तेव्हा काय केलं, हे कागदावर आहे.

तुरीची कथा याहून जुनी वाटते, कारण ती दर काही वर्षांनी तीच होते. 2015 मध्ये तूरडाळ किलोला दोनशे रुपयांच्या घरात गेली. सरकार हललं. 2016 मध्ये मोझांबिकशी करार झाला, आणि इकडे शेतकऱ्यांना तूर लावा म्हणून सांगण्यात आलं. आम्ही लावली. 2017 च्या सुरुवातीला विक्रमी तूर आली आणि 5,050 च्या हमीभावाची तूर चार हजाराच्या आसपास विकावी लागली. खरेदी केंद्रांवर बारदाना नाही, वाहनांच्या रांगा दोन-दोन मैल, माणसं रात्री पोत्यांवर झोपलेली. तुरीवर 10 टक्के आयात शुल्क लागलं ते मार्च 2017 च्या अखेरीस. आयातीवर मर्यादा आली ती ऑगस्टमध्ये. पिवळ्या वाटाण्यावर 50 टक्के शुल्क आलं नोव्हेंबरमध्ये. तिन्ही निर्णय बरोबर होते. फक्त तोपर्यंत आमच्या घरात विकायला तूर उरली नव्हती.

भाव चढले की निर्णय रातोरात होतो. 19 ऑगस्ट 2023 ला कांद्याच्या निर्यातीवर 40 टक्के शुल्क लागलं, तेव्हा बंदरात उभ्या असलेल्या कंटेनरचीही कुणी वाट पाहिली नाही. भाव पडले की मात्र समिती बसते, राज्यांकडून अहवाल मागवले जातात, परिस्थितीवर बारीक लक्ष ठेवलं जातं. मी हे चिडून लिहीत नाही. वर दिलेल्या तारखा एकाखाली एक मांडून बघाव्यात.

पिवळ्या वाटाण्याचंच घ्या. डिसेंबर 2023 मध्ये त्याचं शुल्क शून्य केलं, थोड्या महिन्यांसाठी म्हणून. मग मुदत वाढली, पुन्हा वाढली, पुन्हा वाढली. 2024-25 मध्ये देशात 70 लाख टनांहून जास्त डाळी-कडधान्यं आली, त्यात एकट्या पिवळ्या वाटाण्याचा वाटा 20 लाख टनांवर. हा वाटाणा बेसनात मिसळतो, हरभऱ्याच्या डाळीच्या जागी खपतो, हॉटेलच्या वरणात तुरीबरोबर शिजतो. त्यामुळे तुरीवर कितीही शुल्क लावा, वाटाणा मोकळा असेल तर तुरीला आधार मिळत नाही. म्हणूनच वर ‘त्यांच्या जागी खपणाऱ्या मालावरचं’ असं लिहिलं. 1 नोव्हेंबर 2025 पासून वाटाण्यावर 30 टक्के शुल्क लागलं आहे. त्याबद्दल आभार. पण खरिपाचा उडीद-मूग तोवर विकून झाला होता, आणि मे महिन्यात मुदत वाढवताना जो शब्द मार्चपर्यंतचा होता तो नोव्हेंबरमध्ये बदलला. या वेळी बदल आमच्या बाजूनं झाला म्हणून मी गप्प बसलो, तर उद्या उलटा झाल्यावर बोलायला तोंड राहणार नाही. ज्या आयातदारानं मार्चपर्यंतच्या शब्दावर सौदे केले, त्याचीही तक्रार खरीच आहे.

1 ऑक्टोबर 2025 ला मंत्रिमंडळानं कडधान्य आत्मनिर्भरता अभियानाला 11,440 कोटी रुपये मंजूर केले. त्याच्या वर्षभर आधी तेलबियांच्या अभियानाला 10,103 कोटी. बियाणं येईल, प्रात्यक्षिकं होतील, शिवारफेऱ्या निघतील, कृषी सहायक बांधावर येऊन तूर लावा म्हणतील. एक मंत्रालय लावा म्हणतं आणि दुसरं लावणाऱ्याचा भाव पाडतं, तेव्हा शेतकरी कुणाचं ऐकतो? गेल्या वर्षीच्या हिशेबपट्टीचं ऐकतो. मग तो ऊस लावतो. पाणी नसलेल्या मराठवाड्यात ऊस का, असं आम्हाला नंतर विचारलं जातं. साखरेवर 2018 पासून 100 टक्के आयात शुल्क आहे आणि ते सहसा कुणी हलवत नाही, एवढंच त्याचं उत्तर.

कापसाबद्दल थोडक्यात. अमेरिकेनं 50 टक्के शुल्क लावल्यावर कापड उद्योग अडचणीत आला, तिरुपूरच्या आणि इचलकरंजीच्या कामगाराचंही पोट आहे, हे कबूल. पण 32 मिलिमीटरहून लांब धाग्याचा कापूस, जो आपल्याकडे फारसा होत नाही, त्यावरचं शुल्क फेब्रुवारी 2024 मध्येच काढलेलं होतं. ऑगस्ट 2025 मध्ये जे काढलं ते यवतमाळ-परभणीत पिकतो त्या कापसावरचं. आधी 30 सप्टेंबरपर्यंत, मग दहा दिवसांत मुदत वाढवून 31 डिसेंबरपर्यंत, म्हणजे वेचणीचा सगळा हंगाम. अमेरिकेच्या निर्णयाचा फटका देशानं सोसायचा असेल तर तिजोरीतून सोसावा. निर्यातदाराला थेट मदत द्यायला कुणाचीच हरकत नव्हती.

आपले अधिकारी या मागणीवर काय म्हणतील, याचा मला अंदाज आहे. शुल्क हमीभावाला बांधलं तर ते बदलतं शुल्क होईल, आणि जागतिक व्यापार संघटनेच्या कृषी कराराच्या कलम 4.2 ला ते चालत नाही. बरोबर आहे. युरोपनं तीस वर्षं अशी बदलती शुल्कं लावली आणि 1995 मध्ये त्यांना ती सोडावी लागली. चिलीनं भावपट्टा ठेवून शुल्क वर-खाली केलं, ते 2002 मध्ये अर्जेंटिनाच्या तक्रारीवर हरले. पण मी बाजारभावामागं धावणारं शुल्क मागतच नाही. वर्षातून एकदा ठरवलेला, आधी सांगितलेला, बांधील मर्यादेच्या आतला साधा दर मागतो आहे. सोयातेलाची मर्यादा 45 टक्के, पामतेलाची 300. जागा भरपूर आहे. उलट मध्येच आठ-आठ वेळा बदलण्यापेक्षा हेच नियमांना जास्त धरून आहे. दर ठरवताना आयात माल बंदरात हमीभावाच्या खाली पडू नये, एवढा हिशेब मे महिन्याच्या बैठकीत करता येतो. कृषिमूल्य आयोगाकडे ते आकडे असतातच.

आणि समजा दुष्काळ पडला, युद्ध पेटलं, 2022 सारखं सूर्यफूल तेल काळ्या समुद्रात अडकलं, तर? तर बदला. सीमाशुल्क कायद्याच्या कलम 25 नं तो अधिकार आपल्याला आहेच, तो काढून घ्या असं कुणी म्हणत नाही. फक्त हंगामाच्या मध्यात शुल्क कमी केलं, तर त्या पिकाचा बाजारभाव आणि हमीभाव यांतला फरक त्या हंगामापुरता शेतकऱ्याच्या खात्यात द्या. मध्य प्रदेशानं यंदा सोयाबीनला भावांतर योजना लावली आहे, म्हणजे यंत्रणा उभी करणं अशक्य नाही. पैसाही शोधायला नको. 2021 च्या अर्थसंकल्पात आपणच कृषी पायाभूत सुविधा आणि विकास उपकर आणला. वाटाण्याच्या 30 टक्क्यांतले 20 टक्के हा उपकरच आहे. तेलावरही तो आहे, कापसावरही होता. उपकर असल्यामुळे त्यातला वाटा राज्यांना द्यावा लागत नाही, सगळा केंद्राकडे राहतो. बाहेरच्या शेतमालावर वसूल झालेल्या त्या पैशातून इथल्या शेतकऱ्याची तूट भरली, तर ती मेहेरबानी ठरणार नाही.

सूट देण्याची किंमत अशी आधीच लिहून ठेवली, की अधिसूचनेवर सही करणाऱ्याला दोन्ही बाजूंचा खर्च दिसेल. आज त्याला एकच बाजू दिसते, कारण दुसरी बाजू आम्ही भरतो.

पुढच्या मेपर्यंत थांबण्याआधी एक तातडीची गोष्ट आहे. तुरीच्या शेंगा भरल्या आहेत, जानेवारीत नवी तूर मोंढ्यात येईल. हरभरा त्याच्या मागोमाग फेब्रुवारीत. तुरीची शुल्कमुक्त आयात 31 मार्च 2026 ला संपते आणि हरभऱ्यावर सध्या 10 टक्के शुल्क आहे. मार्चनंतर यांचं काय होणार, हे आम्हाला 30 मार्चच्या रात्री कळून उपयोग नाही. तूर राखून ठेवायची की खळ्यावरूनच घालायची, हा निर्णय जानेवारीत घ्यावा लागतो. सवलत वाढवणार असाल तर तसं सांगा, बंद करणार असाल तर तसं सांगा. पण संक्रांतीच्या आत सांगा.

आपला,
लातूर जिल्ह्यातला एक सोयाबीन-तूर उत्पादक
डिसेंबर 2025